दिवाळे आणि देऊळ

दिवाळी आणि दिवाळे हे दोन शब्द एकाच घरातले वाटावेत इतके सारखे. पण लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पेढीवर दुसरा शब्द उच्चारलेला कोणत्याही व्यापाऱ्याला रुचणार नाही. दोहोंच्या मुळाशी दिवाच आहे असे सांगतात. ज्याचा व्यवहार बुडाला त्या सावकाराने भरदिवसा आपल्या दुकानात दिवा लावायचा, म्हणजे देणेकऱ्यांनी काय ते समजायचे, अशी एक चाल पूर्वी होती आणि तिच्यावरून ‘दिवाळे’ आले, अशी व्युत्पत्ती दिली जाते. व्युत्पत्तीचे वाद पंडितांनी करावेत. आपल्यापुरता तिचा अर्थ एवढाच, की दिवाळे ही नुसती पैशाची गोष्ट नव्हती. ती चारचौघांत दिसायची गोष्ट होती. नुकसान कोणी पोटात घालील, पण भर उन्हात जळणारा तो दिवा झाकायचा कसा?

महाराष्ट्रात असा दिवा अनेकांच्या दुकानात लागला असेल. त्यांतले एकच दिवाळे आपण चारशे वर्षे विसरलो नाही. ते देहूच्या तुकाराम बोल्होबा मोऱ्यांचे.

तुकोबा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वीणा घेतलेले, डोळे मिटलेले संत उभे राहतात. प्रभातच्या १९३६ सालच्या चित्रपटाने आणि त्यातल्या विष्णुपंत पागनिसांनी ही मूर्ती घराघरांत इतकी पक्की बसवली, की त्या मूर्तीआधी एक महाजन होता हे लक्षातच राहत नाही. घराणे खाऊनपिऊन सुखी होते. आठव्या पिढीतल्या विश्वंभरबाबांनी गावात विठ्ठलाची स्थापना केलेली. घरात वाण्याचा व्यवसाय, शेती, सावकारी आणि बाजारपेठेची महाजनकी. जातीने कुणबी, धंद्याने वाणी. थोरला भाऊ सावजी विरक्त वृत्तीचा, त्याने प्रपंचात हात घालायचे नाकारले; तेव्हा बोल्होबांनी कारभार मधल्या मुलाच्या हाती दिला. मुलगा तेव्हा बारा-तेरा वर्षांचा होता असे सांगतात. पोराने काम चोख सांभाळले. घरात दोन सुना आल्या. पहिली रखमाबाई दम्याने आजारी, म्हणून पुण्याच्या गुळव्यांची जिजाई दुसरी. मग तीन-चार वर्षांत आईवडील गेले, सावजीची बायको गेली आणि सावजी तीर्थयात्रेला निघून गेला. तुकोबांचा जन्मशक अभ्यासकांत वादाचा आहे. तथापि पुष्कळांनी मानलेले १६०८ हे साल धरले, तर पुढचे संकट आले तेव्हा ते बाविशीच्या आत-बाहेर होते.

ते संकट म्हणजे १६३० च्या सुमाराचा दुष्काळ. दख्खन आणि गुजरात या दोन्ही प्रांतांत पाऊस फिरला आणि वर्षा-दोन वर्षांत मुलूख ओस पडला. त्यातच शहाजहान बादशहा खानजहान लोदीचे बंड मोडण्याकरिता बऱ्हाणपुरास येऊन बसलेला. निजामशाही, आदिलशाही आणि मोगल अशा तिन्ही फौजांची ये-जा याच मुलखातून. जे धान्य पावसाने सोडले ते फौजांनी नेले. बादशहाचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने या दुष्काळाचे वर्णन करून ठेवले आहे. दरबारी लेखणी असूनही ते वाचताना अंगावर काटा येतो. भाकरीसाठी माणसे स्वतःला विकायला निघाली होती आणि विकत घ्यायला कोणी नव्हते, असा त्याचा आशय आहे. बादशहाने बऱ्हाणपुरास अन्नछत्रे उघडली आणि दर सोमवारी पाच हजार रुपये वाटण्याचा हुकूम केला. एवढ्या मोठ्या मुलखाच्या भुकेपुढे ते किती पुरणार? त्याच वर्षी सुरतेहून आग्र्यास गेलेला पीटर मंडी हा इंग्रज वाटेवर प्रेतांशिवाय दुसरे फारसे काही पाहत नव्हता.

देहूच्या दुकानात काय झाले हे सांगायला दरबारी इतिहासकार नको. ते खुद्द दुकानदारानेच सांगितले आहे. संतमंडळींनी विचारले म्हणून, नाहीतर हे बोलायचे नव्हते, अशी प्रस्तावना करून तुकोबांनी एका अभंगात आपले चरित्र आटोपशीर सांगितले. त्यात ते म्हणतात की दुष्काळाने पैसा आटला आणि मानही गेला. पैसा आणि मान ही जोडी त्यांनी स्वतःच केली आहे. एक बायको ‘अन्न, अन्न’ करीत गेली. ही रखमाबाई. पाठोपाठ तिचा मुलगा संतूही गेला असे महिपतीबोवा सांगतात. महाजनाच्या घरातली बाई भुकेने मरते, याचा अर्थ पेठेतल्या लोकांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

यापुढे ते जो शब्द वापरतात त्याच्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. दुःख झाले असे ते म्हणतातच, पण त्याच्याही आधी म्हणतात की जिवाला लाज वाटली. धंद्यात खोट येताना पाहून लाज वाटली. वैराग्य आले असे ते म्हणत नाहीत, संसार मिथ्या कळला असेही म्हणत नाहीत. साधी, प्रापंचिक, पेठेतल्या माणसाला वाटणारी लाज. पुढच्या चरित्रकारांनी तुकोबांना जन्मतःच विरक्त ठरवले आणि दिवाळे हे एक निमित्त करून टाकले. मला वाटते, यात आपण त्यांच्या शब्दावर अविश्वास दाखवतो. ज्याला पैशाची पर्वाच नाही त्याला खोटीची लाज कशाला वाटेल?

लाज वाटलेला माणूस काय करतो? तोंड चुकवतो. गाव सोडतो. सावजीने दुःखात तेच केले होते आणि त्याला कोणी नावे ठेवली नाहीत, कारण तीर्थयात्रेला निघालेल्या माणसाला नावे कोण ठेवणार? दुष्काळात तर गावेच्या गावे उठून जात होती. एका बुडीत महाजनाने घोंगडे खांद्यावर टाकून काशीची वाट धरली असती, तर देहूकरांनी चार दिवस चर्चा केली असती आणि विषय संपला असता. तुकोबाही एकदा गेले. चाकणच्या बाजूला भामचंद्राचा डोंगर आहे, त्यावर जाऊन बसले. धाकटा भाऊ कान्होबा सात दिवस रानोमाळ शोधत होता, अशी कथा महिपतीने दिली आहे. त्या सात दिवसांचा अर्थ साक्षात्कार असा परंपरेने लावला आहे. तो असेलही, पण डोंगरावर चढताना त्या माणसाच्या मनात गावाला तोंड दाखवू नये हे नव्हतेच, असे कोणी छातीठोकपणे सांगावे?

ते काही असो. महत्त्वाचे आहे ते उतरणे. कान्होबाबरोबर ते खाली आले आणि इंद्रायणीच्या काठी घरातली खतपत्रे मागवली. इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी, कारण ती सांगताना नेहमी घोटाळा होतो. जी कागदपत्रे इंद्रायणीत गेली ती तुकोबांच्या देण्याची नव्हेत, येण्याची होती. लोकांनी त्यांचे देणे लागत असल्याचे ते लेख होते. स्वतःचे कर्ज बुडवून साधू होणे सोपे आणि त्याला इतिहासात तोटाही नाही. इथे उलट होते. आणि त्यातही कान्होबाला त्याचा वाटा विचारला. तू संसारी आहेस, तुझा अर्धा तू ठेव. माझा अर्धा मी पाण्यात सोडतो. निम्मी खते कान्होबाच्या हाती राहिली, निम्मी डोहात गेली. व्यवहारी माणूस येथे विचारील, की ती वसूल करून स्वतःच्या देणेकऱ्यांचे पैसे का भागवले नाहीत? प्रश्न रास्त आहे. पण खते लिहून देणारे कुळवाडी त्याच दुष्काळातून गेलेले, त्यांच्याही घरी माणसे मेलेली. त्या कागदांची वसुली झाली असती तर ती त्यांच्या बैलांची आणि भांड्यांची झाली असती. ज्याच्या स्वतःच्या दारात दिवा लागला होता त्याला दुसऱ्यांच्या दारातले दिवे दिसले, असे मला वाटते.

आता त्या अभंगातली पुढची पायरी. लाज वाटली, असे सांगून लगेच ते सांगतात की देवाचे देऊळ मोडकळीस आले होते, ते दुरुस्त करावेसे मनात आले. दोन वाक्ये शेजारीशेजारी आहेत, मध्ये कसलाही खुलासा नाही. धंदा बुडालेल्या माणसाला देऊळ बांधायचे सुचते! पैसा तर नव्हताच. महिपतीबोवा सांगतात की दगड, माती स्वतः वाहून आणली आणि भिंती स्वतःच्या हाताने उभ्या केल्या. हे देऊळ कोठे होते? दूर डोंगरात नव्हे. विश्वंभरबाबांचे, घराण्याचे, गावच्या मधले, ज्याच्यासमोरून रोज सगळा गाव जाई ते देऊळ. काल जो महाजन पेठेत गादीवर बसून भाव ठरवी, तो आज मातीने माखलेला, सर्वांच्या देखत घमेली वाहतो आहे. देवाकडे तोंड फिरवायचे तर तेथे गावाकडे पाठ करता येत नव्हती. देवासमोर उभे राहणे आणि गावासमोर उभे राहणे ही दोन्ही एकाच जागी करावी लागत होती.

नंतर एकादशीचे कीर्तन सुरू झाले. आरंभी चित्त त्या अभ्यासात नव्हते, अशी कबुली ते देतात. ही कबुली मला फार मोलाची वाटते. संतांची काही वचने विश्वासाने पाठ केली. दुसरे पुढे गात, त्यांच्या मागे उभे राहून ध्रुपद धरले. पेठेत ज्याचा शब्द पहिला, तो येथे मागच्या रांगेत टाळकरी झाला. संतांच्या पायांचे तीर्थ घेतले आणि मनात लाज येऊ दिली नाही. पाहा, तोच शब्द पुन्हा आला. चार-पाच चरणांपूर्वी लाज वाटली होती. आता ती येऊ दिली नाही. या दोन चरणांच्या मध्ये प्रत्यक्ष आयुष्यात किती वर्षे गेली असतील कोण जाणे. पण अभंगात ते अंतर एका देवळाएवढे आहे.

जिजाईबद्दल दोन शब्द बोलल्यावाचून पुढे जाववत नाही. मराठी माणसाने तिला कजाग ठरवून चारशे वर्षे तिच्यावर हसून घेतले. वस्तुतः दिवाळ्याची खरी किंमत तिने मोजली. महिपतीच्या कथेत ती स्वतःच्या पतीवर दोनशे रुपये कर्जाऊ काढून नवऱ्याला मिठाच्या व्यापारास पाठवते. नवरा दोनशेचे अडीचशे करून परत येतो आणि वाटेत एका कर्जबाजारी ब्राह्मणाला पकडून नेताना पाहून ती सारी रक्कम त्याच्या सुटकेसाठी देऊन टाकतो. अशा नवऱ्याच्या बायकोने गोड बोलावे ही अपेक्षा बाळगणारांनी तिच्या घरात एक महिना काढून पाहावा. तरी हीच बाई भाकरी बांधून उन्हातान्हातून भंडाऱ्याचा डोंगर चढत होती. तिन्ही मुली आणि मुलगे तिनेच वाढवले. एका अभंगात तुकोबा देवाला सांगतात, की दिवाळे निघाले, दुष्काळ पडला, मान गेला, गुरेढोरे गेली, बायको भांडखोर मिळाली, हे सगळे बरेच झाले. जनलज्जा धरली नाही आणि तुला शरण आलो हेही बरे झाले. मागे वळून पाहताना संकटांचे असे आभार मानणे त्यांना शोभते. ज्या दिवशी ती घडत होती त्या दिवशी घरात कोणाला ती बरी वाटली नसणार, आणि जिजाईला तर नंतरही वाटली असतील की नाही याची शंकाच आहे.

असे दिवस चालले असता स्वप्नात नामदेवांनी पांडुरंगासह येऊन कवित्व करण्याची आज्ञा केली, असे तुकोबा सांगतात. अभंग होऊ लागले, लोक ऐकू लागले, आणि दुसरा आघात आला. वाघोलीचे रामेश्वरभट्ट हे वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मण. शूद्राच्या मुखातून श्रुतीचा अर्थ प्रकट होतो हे त्यांना खपले नाही. त्यांच्या सांगण्यावरून तुकोबांनी आपल्या वह्या दगड बांधून इंद्रायणीत बुडवल्या. पहिल्या वेळी कागद स्वखुशीने पाण्यात गेले होते. या वेळी बळाने गेले. गावातल्या टवाळांना दोन्ही प्रसंग आठवले असणार. आधी सावकारी बुडवली, आता देवाचेही बुडवले! दिवाळखोराचे दुसऱ्यांदा दिवाळे निघाले.

या वेळी डोंगर नाही, रान नाही. तुकोबा देवळासमोर, तुळशीवृंदावनापाशी एका शिळेवर जाऊन बसले आणि अन्नपाणी वर्ज्य केले. तेरा दिवस. आपल्या बसण्याला त्यांनी जो शब्द वापरला आहे तो आहे ‘धरणे’. आज मोर्चे आणि धरणी रोजची झाल्यामुळे त्या शब्दाची धार गेली आहे. जुन्या व्यवहारात धरणे हा सावकाराचा हक्क होता. पैसे बुडवणाऱ्याच्या दारात जाऊन उपाशी बसायचे. आपण मेलो तर पाप दाराच्या धन्यावर, ही त्यातली अट. हा प्रकार इतका रूढ होता की पुढे इंग्रजांना तो कायद्याने बंद करावा लागला. १८६० च्या दंडसंहितेतील ५०८ व्या कलमाखालच्या उदाहरणात धरण्याचा नाव घेऊन उल्लेख आहे. म्हणजे पाहा, ज्या महाजनाने कुळांच्या दारात धरणे धरण्याचा आपला हक्क इंद्रायणीत सोडून दिला, तो आता देवाच्या दारात सावकार होऊन बसला. पेढी बुडाली, पण पेढीवरची भाषा बुडाली नव्हती. देवाकडे येणे बाकी आहे, ते वसूल करायला मी बसलो आहे, असा तो रोकडा मामला होता. अपयशी माणसाने देवापुढे मान खाली घालून यावे असा आपला समज असतो. तुकोबा खडाजंगीला आले होते.

तेराव्या दिवशी वह्या कोरड्या वर आल्या, असे परंपरा सांगते. त्या काळात देहूस राहिलेल्या बहिणाबाईंनी आणि स्वतः रामेश्वरभट्टांनीही आपल्या अभंगांत या घटनेचा निर्वाळा दिला आहे. आधुनिक चिकित्सक म्हणतात की लोकांना अभंग मुखोद्गत होते, त्यांतून ते पुन्हा लिहिले गेले. तसे असेल तर मला त्यात चमत्कार कमी दिसत नाही. ज्यांची खते त्याने पाण्यात सोडली त्या कुणब्यांच्याच तोंडी त्याची ठेव सुरक्षित राहिली. तुकोबांनी स्वतः या प्रसंगानंतर जे अभंग केले त्यांत विजयाचा डांगोरा नाही. मी तुझा अंत पाहिला, मोठा अन्याय केला, लोकांच्या बोलण्याने मन दुखवून घेऊन तुला उगीच कष्टवले, असे ते देवाला म्हणतात. वसुली झाली आणि सावकारालाच अवघडल्यासारखे झाले. पण हा संकोच आता गावापुढचा नव्हता. ज्याच्याशी भांडण झाले त्याच्याशीच तो बोलून टाकला.

या कथेत आणखी एक माणूस खाली मान घालायच्या जागी उभा होता, त्याच्याकडे मात्र आपण फारसे पाहत नाही. तो म्हणजे रामेश्वरभट्ट. वह्या बुडवायला लावणारा विद्वान आपल्या डोळ्यांदेखत चुकीचा ठरला. सगळ्या पंचक्रोशीला ते कळले. परंपरा सांगते की त्यांच्या अंगाचा दाह सुरू झाला आणि तुकोबांनी पाठवलेल्या अभंगाने तो शमला. दाह शरीराचा होता की आणखी कशाचा, हे ज्याचे त्याने ठरवावे. वाघोलीस दार लावून बसणे त्यांना सहज शक्य होते. शास्त्राधार त्यांच्या बाजूचा होता, जात त्यांच्या बाजूची होती. चार पंडितांनी त्यांची समजूत घातली असती. ते देहूस आले. ज्याला गप्प बसवले त्याच्या कीर्तनात त्याच्यामागे टाळ घेऊन उभे राहिले. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांत त्यांचे नाव धरले जाते. एकेकाळी तुकोबाही असेच दुसऱ्यांच्या मागे उभे राहून ध्रुपद धरीत होते. तेव्हा मागच्या रांगेत उभे राहणे म्हणजे काय, हे पुढे उभ्या असलेल्याला ठाऊक होते. या भेटीत कोणी कोणाला काय बोलले ते कोणी लिहून ठेवले नाही.

तुकोबांनी देह ठेवला तो १६४९ किंवा १६५० च्या फाल्गुन वद्य द्वितीयेस. त्यांच्या पश्चात जन्मलेल्या नारायणबोवांनी १६८५ साली देहूहून पंढरीस पालखी नेण्याची प्रथा घातली. शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी सिद्ध केलेली गाथा मुंबई सरकारच्या चोवीस हजार रुपयांच्या मदतीने १८६९ आणि १८७३ अशी दोन भागांत निघाली. साडेचार हजारांवर अभंग! ज्या घरचे कागद पाण्यात गेले त्या घरच्या कागदांवर सरकारी तिजोरीतून एवढी रक्कम पडली, हे ऐकून जिजाई काय म्हणाली असती याची कल्पना करून पाहावी. चाकणच्या संताजी तेल्यांच्या हातच्या वह्या वि. ल. भावे यांनी पुढे छापल्या, त्यांत मूळच्या कुणबाऊ वळणाचे शब्द जसेच्या तसे आहेत.

तेरा दिवसांची ती शिळा देहूच्या देवळात अजून आहे. तिच्यावर नवे शिळामंदिर बांधून २०२२ साली त्याचे लोकार्पण झाले. दर्शनाला आलेली माणसे शिळेला हात लावतात, कोणी कपाळ टेकतात. आणि देहूत काय किंवा गावोगावच्या भजनांत काय, शेवटी तुकोबांची जी आरती म्हणतात तिच्या अखेरच्या चरणात कर्त्याचे नाव येते. ते नाव रामेश्वर आहे.